मोडीत घालण्याआधी

पितळेचा भाव चढला की माळे रिकामे होऊ लागतात. पाणी तापवायचा बंब, लग्नात आलेलं घंगाळ, पंगतीचं जाड बुडाचं पातेलं, पोचे पडलेली कळशी, सगळं गोणीत भरून रिक्षात बसतं आणि भंगारवाल्याच्या काट्यावर उतरतं. काट्याला घंगाळ आणि नळाची तोटी सारखीच. भांड्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव असतं, त्याखाली लग्नाची तिथी असते, कधी माहेरचं गाव असतं: साक्री, शिरपूर, पारोळा. ते कुणी वाचत नाही. मोड म्हणून वजन होतं, पैसे हातात पडतात. आणि संध्याकाळी त्याच पैशांतून तांब्याची नवी बाटली ऑनलाइन मागवली जाते, कारण तांब्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं असं कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असतं.

यात हसण्यासारखं आहे, पण मला चिंता दुसरीच आहे. भांडं मोडीत गेलं तर एक भांडं जातं. ते नीट करणारा माणूस धंदा सोडून गेला, तर माळ्यावर जपून ठेवलेली भांडीसुद्धा भंगारच होतात. कल्हईवाला, भांडी झाळणारा, घरोटाला टाकी लावणारा, गाद्या पिंजणारा, बाज विणणारा, किल्लीची घड्याळं उघडणारा, ही माणसं धुळ्यात अजून आहेत. थोडी आहेत, बहुतेकांचे केस पिकले आहेत आणि त्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागली आहेत. त्यांच्यासाठी वर्गणी गोळा करा असं मी म्हणत नाही. त्यांना काम द्या, एवढंच मागणं आहे.

धुळेकरांकडे हे मागायला एक जुना आधारही आहे. १८१८ साली पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्जने कारभारासाठी धुळं निवडलं. १८१९ साली या गावाची लोकसंख्या होती २,५०९ आणि घरं होती ४०१. पाट आणि पांझरा यांच्यामध्ये दाटीनं वसलेलं, बागायतीनं वेढलेलं लहानसं गाव. ब्रिग्जने नवं धुळं आखलं आणि ते भरण्यासाठी लांबलांबून कारागीर आणले. व्यापाऱ्यांना आणि बाहेरून आलेल्यांना घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्यानं दिल्या, पक्कं घर बांधायला वर उचलही दिली. साहेब उदार होता अशातला भाग नाही. बाजारपेठ उभी राहायला जसा व्यापारी लागतो तसा हातानं काम करणारा माणूस लागतो, एवढा हिशोब त्याला कळत होता. आग्रा रोडच्या बाजूच्या नंबरी गल्ल्यांतून आज आपण फिरतो, त्या शहराचा पाया असा कारागिरांना बोलावून घातलेला आहे. त्याच शहरात कल्हईवाल्याला भट्टी मांडायला चार फूट जागा मिळत नाही. दुकानापुढे बसला तर दुकानदार उठवतो, रस्त्यावर बसला तर अतिक्रमणाची गाडी येते.

कल्हईचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनी एकदा पाहून घ्यावं. आधी भांडं घासून स्वच्छ केलेलं असतं, तेलाचा ओशटपणा राहिला तर कल्हई धरत नाही. जमिनीत उथळ खड्डा, त्यात कोळसा, बाजूला हातानं फिरवायचा पंखा. पूर्वी तिथं चामड्याचा भाता असे. भांडं चिमट्यात धरून निखाऱ्यावर फिरवत तापवतात. पुरेसं तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठतो, नाकात झोंबतो. त्या नवसागरानं तांब्या-पितळेवरचा काळसर थर सुटतो आणि आतून नवा धातू उघडा पडतो. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे धातूंच्या मानानं फार लवकर. एक थेंब पडला की कापसाच्या बोळ्यानं तो झरझर फिरवायचा. खरं कसब इथं आहे. भांडं कमी तापलेलं असेल तर कथील गोळे धरतं, जास्त तापलं तर करपून पिवळं पडतं. हा अंदाज त्या माणसाच्या मनगटात असतो, त्याला मोजमाप लागत नाही. बोळा फिरतो तसा पिवळा तळ पांढरा होत जातो, भांडं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज येतो, आणि परात आरशासारखी लख्ख होऊन हातात येते.

हे काम दिसायला जादूचं असलं तरी त्यामागचं कारण रोजच्या जेवणाचं आहे. बिनकल्हईच्या पितळेत आमटीला चिंच पडली किंवा ताकाची कढी केली, तर आंबटानं तांबं सुटतं आणि पदार्थ कळकतो. आपल्या आज्या कल्हई उडालेल्या भांड्यात दही लावत नसत ते यासाठी. कथलाचा थर ही अन्न आणि धातू यांच्यामधली भिंत आहे. तीत भेसळ झाली तर सगळंच फसतं. कथील पितळेपेक्षा कितीतरी महाग पडतं, म्हणून कुठंकुठं त्यात शिसं मिसळलं जातं, आणि शिसं पोटात जाणं हे कळकलेल्या आमटीपेक्षा वाईट. तेव्हा कल्हई करून घेताना घासाघीस करू नका. शुद्ध कथील वापरायचं असं आधी बोलून घ्या, दोन पैसे जास्त द्या. स्वस्त कल्हई मागणारं गिऱ्हाईक कल्हईवाल्याला भेसळ शिकवतं.

आता उलट बाजूही मांडली पाहिजे. स्टील आलं, गॅस आला, मिक्सर आला, आणि त्यामुळे बायकांच्या पाठी वाचल्या. चिंच आणि राख घेऊन रोज हंडे घासणं, पहाटे उठून दळणं, हे काही गाणी म्हणत केलेलं सुखाचं काम नव्हतं. ज्या सुनेनं तीस वर्षं ते पितळ घासलं, तिनं ते एक दिवस विकून टाकलं तर तिला बोल लावायचा अधिकार घरातल्या पुरुषांना नाही. घासणीला ज्यांनी हात लावला नाही, त्यांनी वारशाची भाषा जरा जपूनच बोलावी. आणि सगळंच राखून ठेवा असंही मी म्हणणार नाही. पत्रा झालेले ॲल्युमिनियमचे डबे, तडकलेलं खापर, तिसऱ्यांदा फुटलेली बरणी, खुशाल जाऊ द्या. खापर तर नवंच घ्यायचं असतं. मांडे करणारीचा हात आणि खापर घडवणारा कुंभार दोन्ही टिकले म्हणजे पुरे.

पण प्रत्येक घरात दोन-चार वस्तू अशा असतात की त्या गेल्या की घराची एक आठवण पुसली जाते. त्या ओळखायला फार अक्कल लागत नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हा कोणती परात निघते? रोटाचं पीठ कशात मळलं जातं? आखाजीला काय बाहेर येतं? वर्षातून एकदा का होईना जिला अजून काम आहे, ती वस्तू आधी दुरुस्त करा. नुसत्या शोभेच्या वस्तूंचं नंतर बघू.

घरोटाचं बघा. जातं म्हणा की घरोट म्हणा, खानदेशात एके काळी ते नाही असं घर नव्हतं. बहिणाबाई चौधरींनी त्यावर गाणं रचलं. त्यांच्या तोंडची गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी लिहून ठेवली नसती, तर ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली असती. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं म्हणून आज ती आपल्यापाशी आहेत. जळगावात जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या घरगुती आणि शेतीच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. शाळांच्या सहली तिथं जरूर न्या. मुलांना हेही सांगा की जात्याचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात, मग ते दाणा भरडत नाहीत, नुसते चोळतात. तेव्हा वरचा दगड, पाळू, उचलून दोन्ही दगडांना छिन्नीनं बारीक टाके पाडावे लागतात. हे टाकी लावणं. टाकी लावल्यावर पहिलं दळण फेकून द्यायचं, कारण त्यात दगडाची कच येते. टाकी लावणाऱ्याची आरोळी पूर्वी गल्लीत ऐकू यायची. आज ज्यांना डाळ भरडायला जातं हवंय, आणि अशी घरं वाढत आहेत, त्यांना हा माणूस शोधत फिरावं लागतं.

वस्तू संग्रहालयात दिली की वाचली, असं आपल्याला वाटतं. पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं जे संग्रहालय उभं केलं त्याला तोड नाही. अडकित्ते, दिवे, समया, तांब्या-पितळेची भांडी, दारं, पेट्या, वीस हजारांवर वस्तू त्यांनी आणि पत्नी कमलाबाईंनी गावोगाव फिरून जमवल्या आणि शेवटी राज्य सरकारला देऊन टाकल्या. पण काचेमागचा अडकित्ता सुपारी कातरत नाही. संग्रहालय हा शेवटचा उपाय आहे. घरात जी चालू राहू शकते, ती घरातच चालू राहावी. तिला सांभाळायला कपाट लागत नाही, दुरुस्त करणारा लागतो.

घड्याळजीचंही तेच. एचएमटीचं मनगटी घड्याळ पुष्कळ खानदेशी घरांत आहे. पहिल्या पगाराचं, नाहीतर सासऱ्यानं जावयाला दिलेलं. त्या कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायला केंद्रानं २०१६ च्या जानेवारीत मंजुरी दिली. नवे भाग आता सहज मिळत नाहीत. घड्याळजी बंद पडलेल्या घड्याळांचे भाग काढून चालणाऱ्यांना लावतो, म्हणून त्याच्या टेबलाच्या खणात मेलेल्या घड्याळांचा साठा असतो. तुमच्याकडचं पार गेलेलं घड्याळ कचऱ्यात टाकू नका, त्याच्या खणात नेऊन द्या. त्यातला एखादा स्क्रू दुसऱ्या कुणाच्या वडिलांचं घड्याळ चालवील.

कागदांच्या बाबतीत धुळ्यानं जे केलं त्याचा अभिमान बाळगावा, आणि थोडी लाजही. वि. का. राजवाड्यांनी जन्मभर घरोघरची दप्तरं गोळा केली. वाळवीच्या तोंडातून, उंदरांच्या बिळापासून, कधी रद्दीच्या वाटेवरून कागद उचलले आणि त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड उभे केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी इथं त्यांच्या नावानं संशोधन मंडळ सुरू झालं. याच शहरात समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतून हस्तलिखितं जमवली. डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून १९०५ साली दासबोध छापला. त्यांनी जमवलेलं धन आजही समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. असं गाव आपलं. आणि आपल्याच घरी काय चालतं? आजोबांचं खरेदीखत, मोडीतलं पत्र, लग्नपत्रिका, जुनी कुंडली कुणीतरी उत्साहानं लॅमिनेट करून आणतो. लॅमिनेशनचं गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही, कागद त्यात कायमचा अडकतो. फाटल्या जागी सेलोटेप लावतात, काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन शाईपर्यंत उतरतो. त्यापेक्षा स्वच्छ सुती रुमालात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा, वर्षातून एकदा उघडून हवा द्या, कसर लागली आहे का बघा. जमत नसेल तर राजवाडे मंडळाच्या दाराशी जाऊन विचारा. विचारायला लाजायचं कारण नाही.

दुरुस्तीच्या नावाखाली वस्तू मारण्याचे प्रकार बरेच आहेत, त्यातले दोन फार दिसतात. एक, जुन्या पितळेवर मशिनचं पॉलिश. चकाकी येते, पण ठोकलेलं नाव आणि मठारकामाच्या ठोक्यांचे ठसे त्या चाकाखाली झिजतात. वस्तू जुनी, दिसायला मात्र कालच्या दुकानातली. दुसरा, सागवानी पेटीवर किंवा झोपाळ्याच्या पाटावर ऑइल पेंट. सातपुड्याकडच्या सागाचा रंग शंभर वर्षांत मुरलेला असतो, तो चॉकलेटी डब्याखाली गाडायचा कशाला? धूळ झाडा, सुताराकडून सुटलेला सांधा बसवून घ्या, जवसाच्या तेलाचा हात फिरवा. बस. आणि एक घरची सूचना: कल्हई केलेलं भांडं रिकामं आचेवर ठेवू नका, तारेच्या चोथ्यानं घासू नका. कल्हई वर्षभर टिकेल.

आता मुद्द्याचं. भट्टी पेटवायला कोळसा लागतो तो एका वाटीसाठीही तेवढाच लागतो आणि तीस भांड्यांसाठी थोडासाच जास्त. एकटं गिऱ्हाईक एक तपेलं घेऊन जातं, कल्हईवाल्याला परवडत नाही, तो भाव जास्त सांगतो, गिऱ्हाईक परत फिरतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. यावरचा उपाय पांझरेकाठच्या माणसाला कुणी नव्यानं शिकवायला नको. फड पद्धतीत शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्या हेच केलं. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा, पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि दरवर्षी पाट साफ करायला सगळ्यांनी जायचं. दुरुस्तीचा दिवस ठरलेला. तसाच एक दिवस गल्लीनं, सोसायटीनं, भिशीच्या मंडळानं ठरवावा. तीस-चाळीस भांडी एका अंगणात जमवा, कल्हईवाल्याला आदल्या आठवड्यात निरोप द्या, सकाळी चहा द्या, संध्याकाळी रोख पैसे द्या. गणेश मंडळांना तर हे सहज जमेल. मंडप घालायच्या पंधरा दिवस आधी त्याच जागेवर एक दिवस भट्टी पेटवा. देवपुरात एक, जुन्या धुळ्यात एक, साक्री रोडला एक, असे वर्षातून चार-सहा दिवस नक्की झाले तरी एका माणसाचा धंदा तग धरतो. झाळणारा, बाज विणणारा, सुरी-कात्रीला धार लावणारा त्याच दिवशी आला तर आणखी बरं.

महापालिकेकडे मागणं छोटं आहे. पाचकंदीलच्या आसपास कारागिरांना बसायला ठरलेली जागा, ठरलेले वार, डोक्यावर पत्रा आणि एक नळ. धुराची अडचण खरी आहे, म्हणून उघडी जागाच हवी. आयटीआयमधल्या पोरांना वेल्डिंग, फिटिंग शिकवतातच. त्यांच्यातल्या दोघा-चौघांनी एखाद्या जुन्या माणसापाशी महिनाभर बसून झाळणं आणि कल्हई शिकावी, एवढं त्यांच्या गुरुजींनी मनावर घ्यावं. महाविद्यालयातल्या मुलांच्या हातात मोबाइल आहेच. या माणसांचं काम सावकाश, सगळे टप्पे दिसतील असं चित्रित करून ठेवा. आणि त्या चित्रणात भांड्याबरोबर माणसाचा चेहरा व नाव येऊ द्या, त्याला विचारून.

केंद्र सरकारकडेही एक बोट दाखवलं पाहिजे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चर्मकार, शिंपी धरून अठरा व्यवसाय त्यात घेतले. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता, कमी व्याजाचं कर्ज, सगळं चांगलं. पण त्या अठरांत तांबट नव्हता, कल्हईवालाही नव्हता. पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेरांची तांब्या-पितळेची भांडी घडवायची कला युनेस्कोनं २०१४ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, त्याचा आपण मान मिरवला, आणि तसंच काम करणाऱ्या माणसाला घरच्या यादीत जागा दिली नाही. खासदार-आमदारांनी ही विसंगती दिल्लीत मांडायला हरकत नसावी.

दुरुस्तीचं महत्त्व वरही पटू लागलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, मोबाइल, घरगुती यंत्रं, वाहनं आणि शेतीची अवजारं यांच्यासाठी. ॲमस्टरडॅममध्ये तर त्याआधीच, २००९ साली, ‘रिपेअर कॅफे’ सुरू झाला. लोक मोडक्या वस्तू घेऊन येतात, जाणकार चहा पीत त्या नीट करून देतात. पुढे कितीतरी देशांत हे लोण पसरलं, बंगळुरूतही आलं. श्रीमंत देशांना दुरुस्त करणारी माणसं नव्यानं जमवावी लागली. आपल्याकडे ती आधीपासून बसलेली आहेत, गिऱ्हाइकाची वाट पाहत.

तेव्हा धुळेकरहो, श्रावण लागायच्या आत एवढं करा. माळ्यावरचं एकच भांडं खाली काढा, मोडीत घालण्यासाठी नव्हे. त्यावरचं नाव आणि तिथी वाचून वहीत लिहा. शेजारच्या चार घरांना विचारा आणि त्यांचीही भांडी घ्या. मग कल्हईवाल्याला गाठा, दिवस ठरवा, निम्मे पैसे आगाऊ द्या. आणि घरातल्या एका तरी मुलाला त्या दिवशी भट्टीजवळ बसवा, पंखा फिरवायला.